कार्निव्हलला पणजी, पण घरातल्या चौघांची तोंडं चार दिशांना

"ताई, आम्ही कोल्हापूरचे. येत्या फेब्रुवारीत कार्निव्हलला गोव्याला जायचं ठरतंय. नवऱ्याला बागाला राहून धिंगाणा करायचाय, नऊ वर्षांच्या लेकीला चित्ररथ बघायचेत, सासूबाई म्हणतात मी गर्दीत येणार नाही आणि घरी एकटीही राहणार नाही. मला खरं सांगायचं तर धास्ती वाटते, गर्दीत पोरगी, सासूबाईंचे गुडघे, त्यात दारू प्यायलेली टोळकी. गाडीनं जावं का ट्रेननं, राहावं कुठं, आणि मुळात हे सगळं बघण्यासारखं आहे का? येताना चार बाटल्या आणायचा बेत पण चाललाय ह्यांचा. – गोंधळलेली सूनबाई, कोल्हापूर"

अगं सूनबाई,

पत्र वाचून हसूच आलं, कारण हेच पत्र मला दरवर्षी येतं, फक्त गाव बदलतं, कधी सांगली कधी नाशिक, नवरा मात्र तोच, बागावाला.

आधी बघण्यासारखं आहे का ते सांगते. आहे. पण टीव्हीवर रिओचं जे दाखवतात ते डोक्यात ठेवून येशील तर पहिल्या अर्ध्या तासात तोंड पाडून बसशील. पणजीची परेड म्हणजे ट्रकवर उभे केलेले चित्ररथ, इथे सगळे फ्लोटच म्हणतात, एकावर माडावर चढलेला रेंदेर म्हणजे माडी काढणारा, एकावर सायकलला पावाची टोपली लावलेला पोदेर म्हणजे पाववाला, एकावर रापण म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं ओढणारी मंडळी, मध्येच कुठल्यातरी कंपनीची धडधडीत जाहिरात, मग एखाद्या क्लबाची नाचणारी पोरंपोरी, मग ब्रास बँड, आणि मग दहा मिनिटं काहीच नाही, नुसता रिकामा रस्ता आणि पोलीस. सगळ्यात पुढे किंग मोमो, म्हणजे त्या चार दिवसांचा राजा, दरवर्षी नवा निवडतात, तो फर्मान काढतो की खा, प्या आणि मजा करा. पोर्तुगीज काळात हे सगळं वेगळं होतं, लोक रस्त्यात एकमेकांवर पिठाच्या पुड्या फेकायचे, न सांगता कुणाच्याही घरी घुसून नाचायचे. आत्ता दिसते ती फ्लोटवाली परेड गोवा मुक्त झाल्यानंतरची, 1960च्या दशकातली. त्यामुळे 'शेकडो वर्षांची परंपरा' असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं धर. इथल्याही बऱ्याच लोकांना ती आवडत नाही बरं का, चर्चमधूनही अधूनमधून नाराजी येते की सगळा बाजार झालाय, आणि खोटं कशाला बोलू, ते काही फार चुकीचं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की परेड एका संध्याकाळची गोष्ट आहे, तिच्यासाठी तीन-चार तास दे आणि बाकीचे दिवस पणजी आणि आसपासच्या गावांना दे. खरा कार्निव्हल, ज्याला गावात इंत्रूज म्हणतात, तो लाऊडस्पीकरच्या ट्रकवर नाही सापडत.

तारखा. हा सण चालतो ईस्टरच्या हिशोबाने, ॲश वेन्सडेच्या आधीचे शनिवार ते मंगळवार असे चार दिवस, त्यानंतर ख्रिश्चन लोकांचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ सुरू. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे म्हणजे कार्निव्हल 6 ते 9 फेब्रुवारी. शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा, असं साधारण फिरतं, आणि गेल्या काही वर्षांत आदल्या शुक्रवारी पर्वरीला पण एक छोटी परेड काढतात. आता गंमत अशी की बरेचसे फ्लोट तेच असतात, एका गावातून दुसऱ्या गावात जातात, त्यामुळे चारही ठिकाणी पळण्यात काही अर्थ नाही. एक बघ. पहिल्यांदा येतेयस तर पणजीच बघ, कारण परेड संपल्यावर चालत जाण्यासारखं शहर तेच आहे. आणि काही कारणाने शनिवार हुकला तर रडत बसू नकोस, मंगळवारी म्हापशाला तेच दिसेल.

राहायचं कुठं, तर पणजीत, बागाला अजिबात नाही. हे नवऱ्याला वाचून दाखव. बागाला कार्निव्हल नसतोच मुळी, तिथे जे असतं ते वर्षभर दर शनिवारी असतं, तेच स्पीकर, तीच गर्दी, फक्त हॉटेलचे रेट चढलेले. बागा ते पणजी अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, ऐकायला काहीच नाही, पण शनिवारी संध्याकाळी परेड सुटल्यावर पणजीतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते त्यात झोपलेलं पोर मांडीवर आणि सासूबाई मागच्या सीटवर कण्हतायत, असं चित्र डोळ्यासमोर आण आणि मग ठरव. टॅक्सी म्हणशील तर ओला-उबर गोव्यात नाहीत, गोवा माइल्स नावाचं ॲप आहे पण त्या रात्री त्यावर गाडी मिळेलच असं नाही, आणि बाहेरचा टॅक्सीवाला त्या वेळी काय भाव सांगेल ते ऐकून नवऱ्याची उतरेल.

पणजीतही कुठलं रूम कुठं ते बघून घे. फोंतैन्यश, ज्याला जुने लोक मळा म्हणतात, तिथे जुन्या घरांची गेस्ट हाऊस आहेत, फार गोड, पण बऱ्याच ठिकाणी लाकडी जिना आणि खोली वर, गुडघ्यांना विचारून बुक कर. आल्तिनो म्हणजे टेकडी, शांत आहे, झाडी आहे, पण उतरायला-चढायला सासूबाईंना जमणार नाही. कांपाल किंवा मिरामारच्या बाजूला सपाट रस्ता आहे, सकाळी समुद्रावर चालता येतं, तुमच्या घरासाठी मला तेच बरं वाटतं. बुक करताना एकच प्रश्न विचार, परेडच्या दिवशी गाडी आत येऊ देतात का आणि किती वाजेपर्यंत. जो मालक याचं नीट उत्तर देतो तो बाकीचंही नीट करतो. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात बुक करून टाक, जानेवारीच्या शेवटी शोधायला निघालीस तर उरलंसुरलं दुप्पट भावात पदरात पडेल.

गाडी का ट्रेन? मुंबई-पुण्याच्या माणसाला मी डोळे झाकून ट्रेन सांगते, करमळी स्टेशन पणजीला सगळ्यात जवळ पडतं, रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं त्या सकाळी बसायचं. पण तुम्ही कोल्हापूरचे, तुमची गाडीच बरी, आजऱ्यावरून आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी. फक्त शुक्रवारीच पोचा. शनिवारी सकाळी निघून दुपारी पोचू असला हिशोब नको, कारण पर्वरीला एरवीच ट्रॅफिक असतं आणि परेडच्या दिवशी दुपारपासून पणजीतले मुख्य रस्ते बंद करत जातात. पोचल्यावर गाडी हॉटेलला लावायची, नसेल सोय तर पाट्टोला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, स्टँडसमोर बहुमजली पार्किंग आहे तिथे लावायची, आणि रविवार सकाळपर्यंत चावी तुझ्या पर्समध्ये. नवऱ्याच्या खिशात नाही. कारण सांगायला नको.

पणजी शहर एवढंसं आहे की चालत होतं सगळं. पाय दुखले तर पायलट आहेत, म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या बाईकवाले, मागे बसवून नेतात, सासूबाईंना नाही पण तुला किंवा नवऱ्याला पटकन काही आणायला जायचं तर झकास. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर काळ्या नंबरप्लेटवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या प्लेटची कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी नको, पोलीस गाठतातच आणि मग आपण अडकतो, देणारा नाही. मडगाव, म्हापसा, वास्कोला जायचं तर कदंबच्या शटल बस सुटतात एकामागून एक, तिकीट आधी काढून बसायचं, मध्ये कुठे थांबत नाहीत.

आता परेडचं नीट ऐक, कारण इथेच लोक गोंधळ घालतात.

रूट एकच राहत नाही, मधली काही वर्षं मिरामार-दोनापावलाकडे नेली होती, एरवी मांडवीच्या काठाने, दयानंद बांदोडकर मार्गावरून कला अकादमीकडे. म्हणून आठवडाभर आधी गोव्याच्या पेपरात बघून घे, रूट आणि बंद रस्ते दोन्ही छापून येतात. वेळ दुपारी तीन-साडेतीनची सांगतात, पाहुणे येऊन झेंडा दाखवेपर्यंत चार होतातच, आणि पहिला फ्लोट तुझ्यासमोर यायला अजून वेळ. त्यामुळे एक वाजल्यापासून पोरीला उन्हात उभं करायची काही गरज नाही, जेवा, तासभर पडा, सव्वातीनला निघा.

उभं कुठं राहायचं? बांदोडकर मार्गावर असेल तर नदीच्या बाजूला नाही, शहराच्या बाजूच्या फुटपाथवर. सगळे बाहेरगावचे लोक नदीकडे धावतात कारण मागे पाणी, फोटो छान येईल असं वाटतं, आणि मग तीन तास ऊन थेट डोळ्यात. शहराच्या बाजूला मागच्या बिल्डिंगांची सावली असते, ऊन आपल्या पाठीमागून येतं, फोटोही तिथूनच चांगले येतात. कांपालच्या पट्ट्यात तर मोठी जुनी झाडं आहेत, सासूबाईंचं मन बदललं आणि आल्याच तर घडीचं स्टूल घेऊन तिथे बसव. मुख्य स्टेज असतो त्याच्या अगदी समोर जायची धडपड करू नकोस, तिथे पासवाल्यांच्या खुर्च्या आणि कॅमेरेवाल्यांच्या पाठी एवढंच दिसतं. स्टेजच्या थोडं अलीकडे उभं राहायचं, फ्लोट तिथे येऊन थांबतात, पुढचा नंबर लागेपर्यंत नाचणारी पोरं तुझ्यासमोरच सराव करत असतात, पोरीला टोपी काढून हात करतात, एखादा मुखवटेवाला खाली उतरून हात मिळवून जातो, स्टेजपुढच्या नाचापेक्षा मला तरी हेच जास्त आवडतं. पोरीला रंगीत टोपी आणि डोळ्यांवरचा मुखवटा घे, रस्त्यावरच विकायला असतात, भाव कर. कपडे जुनेच घाल असं काही नाही, होळीसारखं कुणी रंग टाकत नाही, पिठाचा जमाना गेला.

पाणी घरून, टोपी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं. लाजून कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते, त्या रस्त्यावर बायकांची खरी अडचण हीच आहे, बाकी सगळं नंतर. म्हणून तर हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर घे म्हणते.

तुझी धास्ती. उजेड आहे तोवर पणजीची परेड कुटुंबांचीच असते, आज्या, कडेवरची बाळं, नन्सचा घोळका, सगळे असतात, आणि पोलीस भरपूर. गडबड होते ती अंधार पडल्यावर, शेवटचे फ्लोट जात असताना, कारण त्यांच्या मागून पोरांची टोळकी नाचत येतात आणि त्यातले बरेच दुपारपासून बसलेले असतात. त्या शेपटात सापडायचं नाही, एवढं पाळलंस तरी पुष्कळ झालं. साडेसहा वाजले की आतल्या गल्लीत वळायचं, शेवटचे फ्लोट नाही बघितले तर काही बिघडत नाही. पोरीच्या खिशात चिठ्ठी, त्यावर तुमचे दोघांचे नंबर, कारण त्या गर्दीत मोबाईल लागेलच असं नाही, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच दाखवून ठेव, कला अकादमीचं गेट म्हण किंवा चर्चसमोरच्या म्युनिसिपल गार्डनचं. काही झालंच तर 112. आणि हो, एक गोष्ट नवऱ्याच्या मित्रमंडळींसाठी, ते पण येणार असतील असा माझा अंदाज आहे. फ्लोटवर नाचणाऱ्या पोरी इथल्याच कॉलेजच्या, क्लबातल्या असतात, कामाला ठेवलेल्या नाहीत. त्यांना ओढून सेल्फी, खालून व्हिडिओ, शिट्ट्या, हे करणारे नव्याण्णव टक्के आपल्याच बाजूचे पाहुणे असतात असं इथले लोक म्हणतात आणि ते ऐकताना मान खाली जाते.

परेड संपली की लगेच जेवायला धावू नकोस, सगळी हॉटेलं भरलेली असतात. चर्चसमोरच्या गार्डनमध्ये सांबा स्क्वेअर लागतो, गाणी, खाण्याचे स्टॉल, बसायला जागा, तिथे तासभर काढा. पोरीला चोरीस-पाव, म्हणजे डुकराच्या मटणाचं तिखट सॉसेज आणि पाव, नको असेल तर रोस ऑम्लेट दे, ऑम्लेटवर शाकुतीचा, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाचा, रस्सा ओतून पावाबरोबर देतात, गाड्यावरचं खायचं, ताटलीत रस्सा संपत आला की तो न मागता अजून ओततो.

रविवारी सकाळी लवकर उठ. नवरा झोपलेला असू दे. साडेसात वाजता फोंतैन्यशमध्ये पोरीला घेऊन फिर, रुआ द ओरेमच्या नाल्याकडून आत शिरायचं, पोदेर सायकलचा भोंगा वाजवत जात असतो, त्याच्याकडून गरम पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, घे, सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, डोळे उघडे असलेला ख्रिस्त आहे तो दाखव, बाहेर पडल्यावर 31 जानेवारीच्या नावाची जुनी बेकरी आहे तिथे काहीतरी गोड. रविवारी निम्मी पणजी बंद असते त्यामुळे बेकरीचं दार उघडं आहे का ते बघूनच पोरीला आमिष दाखव. आणि तिथली घरं लोकांची राहती घरं आहेत गं, पिवळ्या भिंतीसमोर, निळ्या खिडकीसमोर, कुणाच्या पायरीवर बसून रील करू नका, कितीतरी दारांवर आता पाट्या लागल्यात फोटो काढू नका म्हणून. कार्निव्हलच्या आठवड्यात तर बिचाऱ्यांना दार उघडून कचरा टाकायला येता येत नाही.

मग दिवाडी. हे माझं सगळ्यात आवडतं आणि हे कुणी पाहुण्यांना सांगत नाही. रायबंदरहून नाहीतर जुन्या गोव्याहून फेरीबोट, गाडी चढते बोटीवर, पोरगी खूश. दिवाडीच्या सां मातियश वाड्यात कार्निव्हलच्या दिवसांत पोटेकार निघतात, जुने फाटके कपडे, भयंकर मुखवटे, कमरेला गुरांच्या घंटा, आणि पोरांच्या मागे लागतात. पोरं त्यांना चिडवतात, मग घंटा वाजवत ते धावतात, मग पोरं किंचाळत भिंतीमागे, असं तास न् तास. तिकीट नाही, स्टेज नाही, कुणी निवेदन करत नाही. तुझी लेक नऊ वर्षांची म्हणजे बरोब्बर वय, थोडी घाबरेल, थोडी चेकाळेल. घाबरट असेल तर बापाच्या खांद्यावर बसव. तिथे जाऊन मोठ्या आवाजात गाडीतली गाणी लावायची नाहीत, गाव त्यांचं आहे.

दक्षिणेला सासष्टीत याच दिवसांत खेळ होतात, कोंकणीतली उघड्यावरची नाटकं, वाड्यावाड्यात. चांदरला मुसळ खेळ होतो, हातात मुसळं घेऊन पुरुषांचा नाच, तो तर फार जुना. तुम्हाला सगळं जमणार नाही, पण कोंकणी निम्मीअर्धी कळतेच आपल्याला, एखाद्या खेळाचं पोस्टर दिसलं तर थांब.

सासूबाई. त्यांना परेडला ओढू नकोस. कोल्हापूरच्या बाईला पणजीत महालक्ष्मीचं देऊळ आहे म्हटल्यावर अर्धं काम झालंच, भर शहरात, दादा वैद्य रस्त्यावर, शनिवारी दुपारी तुम्ही परेडला निघालात की त्यांना रिक्षानं नाहीतर हॉटेलच्या माणसाबरोबर तिथे सोडायचं, रस्ते बंद व्हायच्या आत. परेडच्या रूटपासून ते आत आहे. आणि खास त्यांच्यासाठी म्हणून सोमवार राखून ठेव, मंगेशीला. दर सोमवारी संध्याकाळी मंगेशीची पालखी निघते, गर्दी असते पण देवळातली गर्दी, ती त्यांना चालते, हो की नाही? तिथून थोडं पुढे म्हार्दोळची म्हाळसा आहेच. आणि दिवाडीला जाताना त्यांना घेऊनच जा, कारण दिवाडीच्या पलीकडच्या टोकाहून दुसरी फेरी नार्व्याला जाते आणि नार्व्याचं सप्तकोटेश्वर म्हणजे शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेलं देऊळ. देव मूळचा दिवाडीचा, पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे नेला. म्हणजे एकाच दिवसात लेकीला पोटेकार, सासूबाईंना सप्तकोटेश्वर, नवऱ्याला फेरीबोटीवरचा वारा, आणि तुला कुणाची कुरकूर नाही. मला तुमच्या अख्ख्या ट्रिपमधला हाच दिवस सगळ्यात चांगला जाईलसं वाटतं.

जेवणाचं थोडक्यात. सकाळी आझाद मैदानाजवळ ताटो किंवा भोसले, पातळभाजी-पाव, बन्स, कडक चहा, सासूबाई खूश. दुपारी माशाची थाळी, हुमण म्हणजे माशाचं कालवण, किसमूर म्हणजे सुक्या माशाची कोशिंबीर, तिसऱ्यांचं सुकं, पण एकच्या आत जागा पकड. एक ते चार दुकानं बंद, तेव्हा खरेदी काढू नकोस. कोल्हापूरच्या माणसाने इथे तांबड्या रश्शाची तुलना करायची नाही, त्यावर भांडणं झालीयत. उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, मागू नका म्हणावं नवऱ्याला, काजूचा हंगाम फेब्रुवारीच्या सुरुवातीला नुकता कुठे चालू होत असतो, खरा उर्राक मार्च-एप्रिलचा, आत्ता जो देईल तो कुठला ते देवाला ठाऊक. आणि प्यायचं ते बारमध्ये बसून, बीचवर किंवा गाडीच्या बॉनेटवर बाटली ठेवून नाही, 2019 पासून पर्यटनस्थळी उघड्यावर प्यायला दंड आहे, आणि 2025 मध्ये तो आणखी वाढवलाय.

बरं, त्या बिचाऱ्याला धिंगाणा काहीच नको का? हवा ना. मंगळवारी क्लुब नासियोनालचा रेड अँड ब्लॅक डान्स असतो, कार्निव्हलची सांगता त्यानेच होते. लाल आणि काळे कपडे घालून जायचं, बँड लाइव्ह, पणजीचे म्हातारे जोडपे असे काही नाचतात की बागाची सगळी डीजे मंडळी पाणी भरतील. आधी क्लबात जाऊन प्रवेशाचं विचारून ठेव, आणि येताना बॅगेत तुझा एक लाल ड्रेस आणि त्याचा काळा शर्ट टाक. पोरगी त्या संध्याकाळी आजीजवळ. त्यासाठी बुधवारी सकाळी निघायचं ठेव, शाळेत सोमवार ते बुधवार तीन दिवसांची चिठ्ठी द्यावी लागेल, लेकीच्या बाईंना सांग सामाजिक शास्त्राची सहल होती, पोटेकार आणि सप्तकोटेश्वर मिळून खोटंही नाही ते.

हे सगळं जमत नसेल, हॉटेल मिळालं नाही, सुट्टी मिळाली नाही, तर होळीनंतर शिगमो आहे. तसेच चित्ररथ, पण सोबत रोमटामेळ म्हणजे वाजतगाजत नाचत निघणारे मेळे, घोडेमोडणी म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच, ढोल-ताशे, आणि पाहुण्यांची गर्दी त्यामानाने कमी. सासूबाई तर स्वतःहून रस्त्यावर उभ्या राहतील.

राहिल्या बाटल्या. नाही. बांद्याच्या पुढे इन्सुलीला एक्साइजचा नाका आहे, कार्निव्हलनंतर परतणाऱ्या महाराष्ट्राच्या नंबरप्लेटा बघून तर त्यांना हुरूपच येतो, डिकी उघडायला लावतात, सीटखाली बघतात, आणि परमिट नसेल तर बाटल्या जातात, वर केस. सासूबाईंना मागे बसवून 'देवदर्शनाला गेलो होतो' म्हणायची आयडिया नवऱ्याला सुचणारच आहे, नाक्यावरच्या लोकांनी ती पुष्कळदा ऐकलीय. त्यापेक्षा डिकीत काजू भर, रस्त्यावरच्या 'एकावर एक फ्री'वाल्याकडून नको, बाजारातल्या दुकानातून चव बघून, आणि बेबिंका, म्हणजे इथला थराथरांचा गोड केक, घेतलास तर तो सासूबाईंच्या मांडीवर, डिकीत उन्हानं बिघडतो.